यात्रेत एक काम अंगावर घ्यावं

पाडव्याची गुढी उतरली की जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात यात्रांची रांग लागते. आज या गावची, परवा पलीकडच्या गावची, असं करत थेट वैशाख संपेपर्यंत. कुठे भैरवनाथ, कुठे मुक्ताबाई, कुठे खंडोबा, कुठे काळोबा. ज्वारी-गहू घरात आलेले असतात, पाऊस अजून लांब असतो. शेतकऱ्याच्या हाताशी थोडा वेळ आणि थोडा पैसा एकदमच असावा, असे वर्षातले दिवस हेच. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच तालुक्यांतले. तेही दरवर्षी या सुमारास काही दिवस डबे बंद ठेवून गावी येतात. पुण्या-मुंबईतले चाकरमानी येतात, माहेरवाशिणी येतात, एसटी जादा गाड्या सोडते.

येऊन काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. देवाला नारळ फोडला, वर्गणीची पावती खिशात घातली, भावकीत जेवण केलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत, अशी यात्रा केली तर आपण पाहुणेच राहतो. गावकी पैशावर चालत नाही, हातांवर चालते. वर्गणी कमी पडली तर तमाशाचा फड जरा लहान आणता येतो. पालखीला खांदे कमी पडले, पाण्यावर माणूस नसला, पंगतीत वाढपी नसले तर यात्रा अडते. म्हणून वर्षाआड का होईना, यात्रेत एक काम अंगावर घ्यावं. कोणती कामं असतात, ती कशी करायची आणि कुठे बिघडतं, ते नीट माहीत असलं की हात घालायला संकोच वाटत नाही.

आधी तारखेचं. यात्रा तिथीने असते, रजा इंग्रजी तारखेने मिळते. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मग मधे अधिक मास येतो आणि पुढच्या वर्षी तारीख एकदम पुढे जाते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला. हे फक्त रजेपुरतं नाही. यात्रा लवकर आली की ती उन्हाळी कांद्याच्या काढणीत सापडते. कांदा काढून पडलेला असताना, काटणीला मजूर मिळत नसताना कुणाला कामाला बोलवायचं? अशा वर्षी गावातली माणसं निम्मीच मोकळी असतात आणि बाहेरून आलेल्यांच्या हातांची किंमत दुप्पट होते. पंचांग हातात आलं की पुढच्या यात्रेची तारीख काढून ठेवावी आणि ‘अमुक दिवशी येतोय, अमुक काम माझ्याकडे’ असं यात्रा कमिटीला आधीच सांगावं. आयत्या वेळी आलेल्या दहा जणांपेक्षा आधी सांगून आलेले दोघे जास्त कामाचे.

पाडव्याच्या आसपास देवळात बैठक बसते. मागच्या वर्षीचा हिशेब वाचून दाखवतात, शिल्लक सांगतात आणि वर्गणी ठरते. कुठे ती घरटी असते, कुठे विवाहित पुरुषामागे, कुठे बागायतदाराला वेगळी. एक पाहावं: पावतीपुस्तकं जितकी दिली तितकी परत आली का, कोरी पानंसुद्धा. यात्रेतली बहुतेक भांडणं देवावरून होत नाहीत, न परतलेल्या पावतीपुस्तकावरून होतात. ज्याला हिशेब ठेवता येतो त्याने हे काम मागून घ्यावं. ते कुणालाच आवडत नाही.

पहिला मोठा कार्यक्रम मांडवडहाळ्यांचा. ओढ्याकाठची जांभळीची, आंब्याची डहाळी तोडून, बैलगाडीत रचून, वाजतगाजत देवळापुढे आणतात आणि मांडवावर चढवतात. पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखाली जे भट्टीसारखं वाटतं ते डहाळ्यांखाली वाटत नाही, हे उन्हात बसलेल्याला सांगावं लागत नाही. जांभळीचा पाला दाट आणि जाड, लवकर मान टाकत नाही. फांदी कोयत्याने बुंध्यापासून न तोडता अंगठ्याएवढ्या जाडीची, वरची तेवढीच घ्यायची. झाड पुढच्या वर्षीही तिथेच हवं आहे. डहाळी आदल्या दिवशी आणली तर यात्रेच्या दुपारी पानं गळायला लागतात, म्हणून पहाटे तोडून सकाळी आणणं बरं. आणि तिसऱ्या दिवशी ती काडीसारखी वाळलेली असतात. त्याच मांडवाशेजारी रात्री शोभेची दारू उडवायची ठेवली तर काय होईल, हे सांगायला नको. दारूकामाची जागा वाऱ्याची दिशा बघून देवळापासून आणि गंजीपासून लांब धरावी, शेजारी पाण्याची भरलेली पिंपं आणि एक भिजवलेलं पोतं ठेवावं. एवढ्या कामाला एक माणूस पुरतो, पण तो तिथून हलणारा नसावा.

नवस फिटलेले लोक शेरणी वाटतात, म्हणजे गूळ. दहा किलोची ढेप फोडून साधारण वीस-वीस ग्रॅमचे खडे केले तर पाचशे माणसांना पुरते. एप्रिलच्या दुपारी गूळ पाझरतो, हाताला चिकटतो, मुंग्या येतात. पहाटेच्या गारव्यात ढेप फोडून खडे ताटात पसरून कापडाखाली ठेवले की सुटे राहतात. लहान मुलांना द्यायचं काम हेच. त्यांच्याइतक्या आनंदाने गूळ वाटणारं दुसरं कोण असतं?

आता पालखी. दिवसा देव नदीवर किंवा विहिरीवर स्नानाला जातो, रात्री छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो. पालखीला खांदा द्यायची प्रत्येकाची इच्छा असते आणि तिथेच गर्दी होते. पालखीला चार जण लागतात, फार तर सहा. बाकीच्यांनी दांडीला हात लावून चालायचं नाही. पाय पायात येतात आणि खांदेकऱ्यांची लय मोडते. पुढची जोडी आणि मागची जोडी खांद्याच्या उंचीने जुळवलेली हवी, नाहीतर पालखी एका अंगावर कलते आणि सगळा भार ठेंगण्यावर येतो. चढाला उंच माणसं मागे, उताराला उंच माणसं पुढे, म्हणजे पालखी सपाट राहते आणि मुखवटा, फुलं, उदी सरकत नाही. खांद्यावर उपरण्याची चौघडी घडी घ्यावी, नवं सुती उपरणं निसटतं, म्हणून ते एकदा पाण्यातून काढलेलं असावं. खांदा बदलायचा तो पालखी न टेकवता. नवा माणूस दांडीखाली शिरतो, ‘आला’ म्हणतो, मगच जुना निघतो. आधी निघाला की दांडी दाणकन मानेवर येते.

पाय अनवाणी असतात. पूर्वी वाट मातीची होती, आता गावातून डांबर किंवा सिमेंट. दुपारी बारा-एकला त्यावर पाय टेकवत नाही. पालखीच्या पुढे पाण्याचा टँकर धिम्या गतीने चालवून रस्ता भिजवत न्यावा, पण फार आधी भिजवून उपयोग नाही, दहा मिनिटांत पुन्हा तापतो. देवस्नान सकाळी आठच्या आत उरकलं तर हा प्रश्नच येत नाही, आणि तिथीत बसत असेल तर कमिटीने तसंच ठरवावं. परंपरेला उन्हाची सक्ती नसते.

छबिन्याला उशीर का होतो याचं गणित सोपं आहे. दारोदार पालखी थांबते, घरची बाई पायांवर पाणी घालते, ओवाळते, नैवेद्य दाखवते. एका दाराला दोन मिनिटं धरली तरी दीडशे दारांना पाच तास लागतात. रात्री दहाला निघालेली पालखी पहाटे तीनच्या आत देवळात येणं शक्य नाही. तेवढा वेळ दोन जोड्यांवर रेटायचा ठरवला तर बाराच्या पुढे माणसं कोसळतात. आळीगणिक खांदेकरी ठरवून टाकावेत: या आळीत ही चार माणसं, त्या आळीत ती चार. दारात ताट तयार ठेवा म्हणून पुढे सांगत जाणारा एक मुलगा ठेवला की प्रत्येक दाराचा वेळ निम्मा होतो. हे काम शहरातून आलेल्या तरुणाने जरूर करावं. एका रात्रीत सगळं गाव घराघरांतून ओळखीचं होतं.

मानाचा विषय इथेच येतो. दिवटी कुणाची, पायघड्या कुणाच्या, पहिला खांदा कोणत्या घराचा, हे ठरलेलं असतं. हे मान जातींत वाटलेले होते आणि काहींच्या वाट्याला नुसतं राबणं आलं, हेही तितकंच खरं. जिथे हलगीवाल्यांना सुपारी देऊन, पंगतीत शेजारी बसवून बोलावतात, जिथे पालखीचा खांदा सगळ्यांना आणि बायकांनाही मोकळा आहे, तिथली यात्रा जास्त शोभते. हलगी थांबली की छबिना थांबतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

स्वयंपाक हा यात्रेचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न दिसणारा भाग. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य. एक किलो हरभऱ्याच्या डाळीला एक किलो गूळ, गोड बेताचं हवं तर पाऊण. त्यात मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. घरी चाळीस माणसं येणार असतील तर माणशी दोन धरून पावणेतीन ते तीन किलो डाळ. डाळ बोटाने दाबल्यावर फुटावी इतकी शिजवायची, येळवणी पूर्ण निथळून आमटीसाठी बाजूला काढायची, मग गूळ घालून पुरण उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं. पाणी राहिलं तर पोळी फाटते. पुरण गरम असतानाच वाटायचं, गार झालं की पाट्यावर दगड होतं. उन्हाळ्यात खरा घात पुढे होतो: गरम पुरण डब्यात झाकून ठेवतात, झाकणाला वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत ते आंबतं. परातीत पसरून, पातळ कापड टाकून ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी बहुतेक घरी तिखटाचं. मटण सगळीकडे असतं, पण जुन्नर-आंबेगावात मासवडीचा मान वेगळा. पाव किलो बेसनाला साधारण अर्धा लिटर पाणी. पाण्यात लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, तिखट, मीठ, थोडं तेल घालून उकळी आली की एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने घोटायचं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत. झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. तोवर सारण तयार हवं: भाजलेले तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, कोरडा होईपर्यंत परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मसाला. पाट किंवा परात पालथी घालून त्यावर ओलं कापड, त्यावर कढत बेसन, पाण्याचा हात लावत थापायचं. हात भाजतो, पण थांबता येत नाही. गार झालं की दुमडताना तडे जातात. मधोमध सारण, दोन्हीकडून कापड उचलून कडा मिटवायच्या, वरून दाबून माशाच्या पाठीसारखा उंचवटा द्यायचा. बोटभर रुंदीच्या वड्या कापायच्या. कापताना सारण सांडलं तर कांद्यात ओल राहिली आहे असं समजावं. वडी ताटात वेगळी वाढतात, रस्सा वाटीत वेगळा. रश्शात आधीच सोडली तर विरघळते.

हे सगळं करणाऱ्या बायका चुलीपुढे असतात आणि बाहेर कुस्त्या संपलेल्या असतात, पालखी दारावरून पुढे गेलेली असते. आपल्या यात्रेतला हा मोठा अन्याय आहे आणि तो मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. पुरण वाटणं, खोबरं किसणं, पंगत वाढणं, भांडी घासणं ही पुरुषांनी अंगावर घ्यायची कामं आहेत. दुपारी चार ते सहा चूल बंद, असं काही भावक्यांनी ठरवलं तर जेवण एक तास उशिरा होतं. बिघडत काहीच नाही.

गावपंगतीचं मोजमाप निराळं. हजार पानांना ऐंशी ते नव्वद किलो तांदूळ, पण तो एकाच वेळी शिजवायचा नाही. सकाळी अकराला शिजवून झाकलेला भात उन्हाच्या दिवसांत दुपारी तीनला चिकट होतो. वीस-वीस किलोच्या वाफा काढायच्या, पहिली पंगत उठत असताना पुढची वाफ उतरली पाहिजे. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरावं. तीन हजारांच्या यात्रेला नऊ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर नुसता पिण्याला. स्वयंपाकाचं, भांड्यांचं, जनावरांचं वेगळं. टँकर लोखंडी असेल तर पाणी दुपारी चहाइतकं तापतं. ते रात्रीच रांजणांत आणि माठांत काढून ओल्या गोणपाटाने गुंडाळून ठेवायचं. पाण्यावर बसायचं काम रुक्ष दिसतं, पण यात्रेत भोवळ येऊन पडलेली म्हातारी माणसं पहिल्यांदा तिथेच आणली जातात. तिथे लिंबू, मीठ, साखर ठेवावी.

कुस्त्यांचा हगामा उन्हं कलल्यावर, साडेतीन-चारला. माती आठवडाभर आधी खणून, चाळणीने खडे काढून तयार करतात. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. त्या दिवशी सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारी नाही. ओली राहिली तर पाय सरकतो, फार सुकली तर डोळ्यांत धूळ. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी, मग नारळावर, मग इनाम चढत जातं. सगळं कसब जोड लावणाऱ्याचं. तो वजनकाट्याविना खांदा, मान, मांडी बघून जोडी ठरवतो. चुकीची जोड लागली की हाड मोडतं. अंधाराच्या आत शेवटची कुस्ती सुटली पाहिजे, आणि ती बरोबरीत सोडवायची झाली तर इनाम विभागून तिथल्या तिथे द्यायचं.

बैलगाड्यांबद्दल थोडक्यात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ती कायम झाली. या अटी कागदावर ठेवायच्या नाहीत. बैल हा या सणाचा कणा आहे, त्याला काठी, चाबूक, टोचणी लावून पळवणाऱ्याला घाटातून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरून, बाहेर काढायला कमिटीने कचरू नये. लोक निशाणापाशी, म्हणजे शर्यत संपते तिथे, गर्दी करतात आणि अपघात त्याच्या पुढे होतात, जिथे उधळलेल्या बारीला, म्हणजे पळत आलेल्या गाड्याला, थांबायला जागा लागते. तिथे दोर बांधून माणसं उभी करावीत.

आणि रात्री तमाशा. या दिवसांत नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे जाऊन रक्कम, तारीख ठरवून सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. सुपारी देताना लिहून घ्यायच्या गोष्टी: किती वाजता पडदा, मोफत खेळ की तिकिटाचा, दुसऱ्या सकाळी हजेरी, म्हणजे सकाळचा खेळ, आहे की नाही, खेळ पावसाने मोडला तर काय. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट असते, ती आपल्या तारखेला आहे का ते आधी पोलीस ठाण्यात विचारायचं. गण, गवळण, बतावणी, मग वग म्हणजे मुख्य नाट्य, एवढं सगळं नीट व्हायचं तर खेळ आठला उभा राहिला पाहिजे. गावाने भाषणांत आणि सत्कारांत साडेनऊ वाजवायचे आणि मग वग अर्धवट कापला म्हणून फडावर ओरडायचं, हे नेहमीचं आणि लाजिरवाणं आहे. सत्काराची यादी कापा.

मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबू ठोकणारे, चालक, स्वयंपाकी धरून शंभराच्या घरात माणसं असतात. आदल्या रात्री दुसऱ्या गावी खेळ करून, रात्रभर प्रवास करून ती आलेली असतात. त्यांना सावली, अंघोळीला पाणी, बायकांना कडी असलेली शाळेची खोली आणि स्वच्छ संडास मिळणं हे गावाचं काम आहे. तंबूमागे घुटमळणाऱ्यांना हटकणंही गावाचंच. ज्याला यात्रेत एखादं मोलाचं काम हवं असेल त्याने हे घ्यावं: फडाचा यजमान व्हावं. सकाळी ट्रक आल्यापासून हजेरी संपून ट्रक जाईपर्यंत त्यांच्या पाण्या-चहाला, दिव्याला, भांडणाला जबाबदार एक माणूस. पैसे उरलेले असतील तर ते ट्रक सुटायच्या आधी हातावर द्यायचे.

यात्रा संपल्यावरची कामं चार: मांडव उतरवून डहाळी शेतात कंपोस्टला, पत्रावळी-प्लास्टिक वेगळं करून उचलणं, गावची भांडी मोजून कोठीत ठेवणं, हिशेब. भांडी त्याच दिवशी मोजायची; चार दिवस गेले की परातीवर कुणाचं नाव होतं ते कुणालाच आठवत नाही. हिशेब आठ दिवसांच्या आत देवळाच्या भिंतीवर लावायचा, आणि त्याच्याच खाली पुढच्या वर्षासाठी दोन-चार ओळी: टँकर एक जास्त लागला, तिसऱ्या आळीत खांदेकरी कमी होते, घाटातला दोर जुना झालाय, बतावणी चालू असताना लाइट गेली तेव्हा जनरेटरला डिझेल नव्हतं. पाडव्याच्या बैठकीत आधी हा कागद वाचतात, मग वर्गणीचा आकडा निघतो.